त्या एकोणीस टक्क्यांचा हिशेब

टोयोटा ८६ घेऊन पहिल्यांदा सर्किटवर उतरणाऱ्या हौशी चालकाला एक सल्ला हमखास मिळतो: आधी डिफ्रन्शिअलमधली क्राऊन-पिनियनची जोडी बदला. कंपनीचा ४.१ चा फायनल ड्राइव्ह काढा आणि ४.८८ चा बसवा. हिशेबही तयार असतो. ४.८८ ला ४.१ ने भागलं की १.१९ येतात, म्हणजे मागच्या चाकांवर १९ टक्के जास्त टॉर्क, तोही इंजिनला हात न लावता. टर्बो नको, कॅमशाफ्ट नको, इंजिनचा कॉम्प्युटर उघडायला नको. शिवाय इंजिन कायम ताकदीच्या पट्ट्यात राहतं, आणि सर्किटवर टॉप स्पीड लागतो कुणाला? एवढ्यावर समोरचा बधला नाही, तर हुकमाचं पान पडतं: खुद्द टोयोटानेच २०१६ साली ४.१ चा ४.३ केला होता की!

भागाकार बरोबर आहे. २०१६ ची गोष्टही खरी आहे. मधलं सगळं मात्र तपासून घ्यायला हवं, कारण या सल्ल्यापायी लोक हजारो रुपयांचा सुटा भाग आणि त्याहून महाग मजुरी मोजतात आणि लॅपची वेळ होती तिथेच राहते. कधी कधी वाढतेसुद्धा.

गाडी तीच घेऊ. २०१२ साली आलेल्या ८६ मध्ये दोन लिटरचं इंजिन, ७,००० फेऱ्यांवर २०० अश्वशक्ती, ६,४०० ते ६,६०० फेऱ्यांवर २०५ न्यूटन-मीटर टॉर्क आणि ७,४०० ला लाल रेघ. सहा गिअरचे रेशो ३.६२६, २.१८८, १.५४१, १.२१३, १.००० आणि ०.७६७. टायर २१५/४५ आर१७, रस्त्यावर एका फेऱ्यात साधारण १.९२ मीटर कापणारा. एवढी सामग्री हाताशी असली की कॅटलॉग बाजूला ठेवून कॅल्क्युलेटर घेता येतो.

सुरुवात त्या १९ टक्क्यांपासून. एकाच गिअरमध्ये, इंजिनच्या एकाच फेऱ्यांवर ते खरे आहेत. पण लॅप फेऱ्यांवर मोजली जात नाही, रस्त्यावरच्या वेगावर मोजली जाते, आणि ठरावीक वेगाला गाडीला मिळणाऱ्या ढकलीची कमाल मर्यादा इंजिनची शक्ती ठरवते, क्राऊन-पिनियन नाही. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर. २०० अश्वशक्ती म्हणजे १४७ किलोवॅट. गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफ्रन्शिअलच्या घर्षणात पंधरा टक्के गेले असं धरलं, तर चाकांपाशी १२५ किलोवॅट पोचतात. १२५ किलोवॅटला ३३.३ ने भागलं की ३,७५० न्यूटन येतात. त्या वेगाला यापेक्षा जास्त ढकल जगातला कुठलाही फायनल ड्राइव्ह देऊ शकत नाही. तो फक्त एवढंच ठरवतो की गाडी या मर्यादेच्या किती जवळ जाईल.

मग १२० ला कोण जवळ जातं? ४.१ ची गाडी तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये सुमारे ६,५८० फेऱ्यांवर असते. ४.८८ च्या गाडीचा तिसरा ११३ लाच संपलेला असतो, त्यामुळे ती चौथ्यात, ६,१७० फेऱ्यांवर. कमाल शक्ती ७,००० ला. म्हणजे १२० ला ‘लांब’ गिअरची, जुनी, बदनाम ४.१ ची गाडीच जास्त जोरात ओढते. हेच १०० ला बघा: ४.१ तिसऱ्यात जेमतेम ५,५०० फेऱ्यांवर घुटमळतेय आणि ४.८८ तिसऱ्यातच साडेसहा हजारांवर. इथे ४.८८ ची स्पष्ट सरशी. असा हा खेळ वेगागणिक पालटत जातो. ८० ते ९५ मध्ये ४.१ पुढे, ९५ ते ११३ मध्ये ४.८८ पुढे, तिथून साधारण १३० पर्यंत पुन्हा ४.१ पुढे, मग १४४ पर्यंत ४.८८. त्यानंतर जवळपास बरोबरी. सगळीकडे मिळणारे १९ टक्के कुठे आहेत, हे विकणाऱ्याने दाखवून द्यावं.

‘ताकदीच्या पट्ट्या’चा मुद्दा तर याहून कच्चा आहे. ७,४०० ला गिअर बदलला की इंजिन किती फेऱ्यांवर येऊन पडेल, हे शेजारच्या दोन गिअरमधलं अंतर ठरवतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलं की ५,२००. तिसऱ्यातून चौथ्यात ५,८००. चौथ्यातून पाचव्यात ६,१००. पाचव्यातून सहाव्यात ५,७०० च्या आतबाहेर. मागे ४.१ असो, ४.३ असो की ४.८८, हे आकडे तसूभर हलत नाहीत. फायनल ड्राइव्ह सगळ्या गिअरना एकाच आकड्याने गुणतो. गुणाकाराने त्यांच्यातलं अंतर कमी होत नाही. ज्याला दुसऱ्या-तिसऱ्यामधली दरी खरोखर छळते, त्याने गिअरबॉक्समधला गिअरसेट बदलावा. ते काम महाग आहे म्हणून डिफ्रन्शिअल उघडून बसणं म्हणजे दुखणं गुडघ्याला आणि मलम कपाळाला.

हा वाद जपानमध्ये जितका रंगतो तितका कुठेच नाही, कारण तिथल्या ट्यूनर मंडळींची कसोटी ठरलेली आहे: इबाराकीमधलं त्सुकुबा. लांबी अवघी २.०४५ किलोमीटर. गाडीचं काय केलं, किती खर्च केला, हे सगळं त्सुकुबाच्या लॅपटाइममध्ये मोजायची तिथे रीत आहे. छोटं, आवळलेलं सर्किट, त्यामुळे आखूड, म्हणजे मोठ्या आकड्याच्या, फायनलचा बाजारही इथलाच. तेव्हा आखूड फायनलवाल्यांना त्यांच्याच अंगणात गाठलेलं बरं.

त्सुकुबाचं दुसरं हेअरपिन वळण साधारण ६० च्या वेगाने सुटतं. तिथे ४.८८ ची गाडी दुसऱ्यात साडेपाच हजार फेऱ्यांवर असते आणि ४.१ ची पावणेपाच हजारांच्या थोडी खाली. हा फरक खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्या पिढीच्या इंजिनचा टॉर्क साडेतीन ते साडेचार हजारांच्या दरम्यान खचतो. तो खड्डा चालकाला पायाखाली जाणवतो, आणि ४.८८ ची गाडी त्याच्या कितीतरी वरून निघून जाते. वळण पुरतं सुटायच्या आत पेडल दाबलं तर आतलं चाक फिरायला लागून त्या वाढीव ढकलीतला काही भाग धुरात जातो, तरी उरलेला हाती लागतोच. पुढे मागचा सरळ पट्टा. दोनशे अश्वशक्तीची गाडी तिथे १५० च्या आसपास पोचते आणि ब्रेक लागतात. ४.१ ची गाडी ९५ ला तिसरा आणि १३५ ला चौथा टाकते, दोन बदल. ४.८८ ची गाडी ८० ला तिसरा, ११३ ला चौथा आणि १४४ ला पाचवा, तीन बदल. हा तिसरा बदल कशासाठी? पाच-सहा किलोमीटरचा वेग वाढवून लगेच ब्रेकवर पाय ठेवण्यासाठी. क्लच दाबून, लिव्हर ओढून, क्लच सोडेपर्यंत सराईत हातालाही सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. १४४ च्या वेगाला तेवढ्यात गाडी बारा-तेरा मीटर पुढे जाते, तीही इंजिनाविना. हेअरपिनवर कमावलेलं बरंचसं इथे परत जातं.

खरी गंमत शेवटच्या वळणावर आहे. ९०–१०० मीटर त्रिज्येचं ते लांबलचक उजवं वळण त्सुकुबाची लॅप घडवतं किंवा बिघडवतं. चांगल्या रोड टायरची पकड एक जीच्या आसपास धरली तर तिथला वेग ११० च्या आसपास निघतो. ४.८८ वर तिसरा गिअर ११३ ला संपतो. म्हणजे गाडी बाजूला पूर्ण झुकलेली आहे, बाहेरचा मागचा टायर पकडीच्या टोकावर आहे, चालक हळूहळू पेडल दाबत बाहेर यायला बघतोय, आणि नेमक्या त्याच क्षणी सुई लाल रेघेला भिडून लिमिटर फडफडायला लागतो. आता दोनच वाटा. लिमिटरवर गाडी धरून ठेवायची आणि मुख्य सरळ पट्ट्यावर मंद बाहेर पडायचं, किंवा भर वळणात चौथा टाकायचा. ओढ तुटली की वजन पुढे येतं, मागचं टोक हलकं होतं, पुन्हा ओढ आली की पाठ हलते. अनुभवी चालक हे निभावतो. हौशी चालक वळणाआधीच चौथा टाकून मोकळा होतो आणि साडेपाच हजारांवर रखडत बाहेर पडतो. मग तो आखूड फायनल घेतला कशासाठी?

त्सुकुबासाठीच बांधलेल्या गाडीत ४.५६ च्या आसपासचा फायनल बसवणाऱ्याशी मात्र भांडण नाही. त्यावर तिसरा १२१ पर्यंत जातो, शेवटचं वळण एकाच गिअरमध्ये निभतं, चौथा १५४ पर्यंत पुरतो आणि बदल दोनच राहतात. ज्याने हा आकडा काढला त्याने आधी सर्किट वाचलं, मग कॅटलॉग. ४.८८ वाल्याने उलट केलं.

आता तीच गाडी शिझुओकात, फुजीला न्या. ४.५६३ किलोमीटरचं सर्किट आणि त्यातला एकटा सरळ पट्टा १.४७५ किलोमीटरचा. ‘टॉप स्पीड लागतो कुणाला’ म्हणणाऱ्याने इथे उभं राहून तेच म्हणावं. ४.१ चा पाचवा २०८ पर्यंत जातो. पट्ट्याच्या शेवटपर्यंत पाचव्यातच राहायचं, सहाव्याला हातही लावायचा नाही. ४.८८ चा पाचवा १७५ ला संपतो आणि सहावा टाकावा लागतो. ८६ चा सहावा हा इंधन वाचवायला केलेला हायवेचा गिअर आहे, पाचव्यापासून २३ टक्के दूर. इंजिन ७,४०० वरून थेट ५,७०० ला आपटतं, आणि तेही जिथे हवेचा रेटा सर्वांत जास्त आहे तिथे. एकूण रेशो काढून पाहा. ४.८८ ला ०.७६७ ने गुणलं की ३.७४ येतात, आणि ४.१ च्या गाडीचा पाचवा ४.१ वरच असतो. म्हणजे ज्याने आखूड फायनलसाठी पैसे मोजले, तो फुजीच्या पट्ट्याचा उत्तरार्ध कंपनीच्या गाडीपेक्षा नऊ टक्के लांब गिअरवर काढतो. पैसे देऊन उलटं फळ.

लांब गिअर मुळातच निर्दोष असतात, असाही याचा अर्थ नाही. पोर्शे केमन जीटी४ या गाडीवर पत्रकारांनी वर्षानुवर्षं एकच टीका केली: इंजिन अप्रतिम आहे, पण दुसरा गिअरच ताशी १३० च्या पुढे जातो. त्या गाडीला आखूड फायनल किंवा आखूड गिअरसेट घालणाऱ्याची बाजू भक्कम आहे, कारण तिथे दोष नेमका दाखवता येतो: हेअरपिन सुटताना इंजिन झोपलेलं असतं आणि खाली पहिल्यात जाणं परवडत नाही. आक्षेप आखूड रेशोला नाहीच. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उचलून आपल्या गाडीत घालण्याला आहे.

त्यात आकडाही फसवा असतो. होंडा एस२००० चा फायनल कागदावर ४.१, ८६ चाही ४.१. दोन्ही सारखे समजून तुलना करणारे लोक भेटतात. एस२००० च्या गिअरबॉक्सच्या शेवटी १.१६ चं आणखी एक रिडक्शन आहे, ते धरलं तर तिचा खरा आकडा ४.७६ च्या घरात जातो. ती गाडी ९,००० फेऱ्यांपर्यंत ओरडायची म्हणून तिला तो शोभला. माझदा एमएक्स-५ च्या दुसऱ्या पिढीत पाच गिअरच्या बॉक्सबरोबर ४.३ आणि सहा गिअरच्या बॉक्सबरोबर ३.९ येत असे. सहा गिअरवाल्या बॉक्सचा पहिला ३.७६ इतका आखूड होता की त्याला ४.३ जोडला तर एकूण आकडा सोळाच्या वर जातो आणि पहिला गिअर निव्वळ शोभेचा उरतो. तरी ‘सहा गिअर आणि वर ४.३, दुहेरी फायदा’ म्हणून तो जोडणारे होतेच. उलट याच गाडीला टर्बो लावणारे जाणकार ३.६ पर्यंत लांब जातात, कारण इंजिनाकडे टॉर्क भरपूर आला की गिअरने तो वाढवायची गरज राहत नाही.

टायरचं गणित तर बहुतेक जण विसरतात. २१५/४५ ऐवजी २१५/४० बसवला की व्यास साडेतीन टक्क्यांनी घटतो आणि ४.१ चा फायनल ४.२५ सारखा वागू लागतो. डिफ्रन्शिअल न उघडता टोयोटाच्या ४.३ च्या उंबरठ्यावर! आठ मिलिमीटरची नक्षी दोनवर आली तरी व्यास बारा मिलिमीटरने, म्हणजे जवळपास दोन टक्क्यांनी कमी होतो. नव्या टायरवर काढलेला रेशो मोसमाच्या शेवटी तोच राहत नाही.

आणि उघडायचंच ठरवलं तर काय उघडतोय याची जाण असावी. ४.१ म्हणजे दहा दातांचा पिनियन आणि एकेचाळीस दातांचं क्राऊन; ४.८८ म्हणजे आठ आणि एकोणचाळीस. क्राऊनचा व्यास घराच्या मापाबाहेर जाऊ शकत नाही, म्हणून पिनियन बारीक होतो, एका वेळी कमी दात भार घेतात, आणि त्याच वेगाला तो १९ टक्के जास्त फिरतो. बसवणारा कारागीर जाणता हवा. तो दातांवर पिवळी पेस्ट फासतो, क्राऊन हाताने पुढे-मागे फिरवतो आणि पेस्ट कुठे पुसली गेली ते टॉर्च लावून बघतो. ठसा दाताच्या मधोमध हवा. टोकाकडे सरकला तर पिनियनखालची शिम बदला, पुन्हा जुळवा, पुन्हा फासा. दातांमधली मोकळीक डायल गेजवर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशात जुळवायची. यात घाई झाली की पहिल्याच ट्रॅक डेला मागून रडल्यासारखा आवाज येतो आणि तेल काढलं की त्यात चांदीसारखा चुरा चमकतो.

महाराष्ट्रात हा मोह नवा नाही. आरएक्स १०० ला मागे मोठा स्प्रॉकेट टाकून ‘पिकअप’ वाढवल्याचं समाधान मिळवलेली आणि हायवेला लागल्यावर नुसती ओरडणारी गाडी घेऊन परतलेली पिढी अजून पन्नाशीत आहे. आता त्यांच्यातले काही आणि त्यांची मुलं कार घेऊन कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेला किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला जातात. करी २.१ किलोमीटरचं, बुद्ध पाच किलोमीटरहून लांब आणि एका किलोमीटरचा सरळ पट्टा असलेलं. त्सुकुबा आणि फुजीसारखीच ही जोडी. त्यातून आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, म्हणजे फायनल ड्राइव्ह गिअरबॉक्सच्या पोटात. बदलायचा तर अख्खा बॉक्स खाली. एका सर्किटसाठी तो खर्च करून दुसऱ्या सर्किटला तोंड पाडून घेण्यापेक्षा आधी दोन्हीकडे जीपीएस लॉगर लावून लॅप मारावी. प्रत्येक वळणातून बाहेर पडतानाचा वेग, प्रत्येक पट्ट्याच्या शेवटचा वेग आणि बदल कुठे पडतात, हे कागदावर आलं की निम्म्या वेळा क्राऊन-पिनियनला हात लावायचं कारणच उरत नाही.

फॉर्म्युला वनमध्येही २०१३ पर्यंत संघ मोसमाआधी जाहीर केलेल्या तीस रेशोंमधून प्रत्येक सर्किटसाठी सात निवडत. २०१४ पासून आठ गिअर आले आणि ते मोसमभरासाठी कायम झाले, मोनॅकोच्या गल्ल्यांपासून मोंझाच्या पट्ट्यांपर्यंत तेच. त्याच वर्षी आलेल्या टर्बो-हायब्रिड इंजिनाचा टॉर्क इतका पसरट होता की हा नियम झेपला. रेशो किती नेमका लागतो, हे आधी इंजिनच्या टॉर्कचा आकार सांगतो.

टोयोटाच्या त्या हुकमाच्या पानाचं उत्तरही इथेच आहे. २०१६ च्या सुधारणेत कंपनीने मॅन्युअल गाडीचा फायनल ४.१ वरून ४.३ केला, पाच टक्क्यांचा फरक, आणि त्याच वेळी इंजिनमध्ये बदल करून शक्ती २०७ वर नेली. मधल्या फेऱ्यांतला तो खड्डा थोडा चुकवणं आणि पाचवा दोनशेच्या आसपास राखणं, एवढंच त्या पाच टक्क्यांत बसत होतं. मग २०२१ साली दुसरी पिढी आली, जीआर८६. इंजिन २.४ लिटरचं, २३५ अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर टॉर्क, तोही ३,७०० फेऱ्यांवर. खड्डा बुजला. आणि मॅन्युअल जीआर८६ चा फायनल ड्राइव्ह टोयोटाने पुन्हा ४.१ केला.